मी गांजा तोलतो

मला पोलिसांनी आजवर पुष्कळदा जीपमध्ये घालून नेलं आहे आणि एकदाही पकडलेलं नाही. पहिल्या खेपेला मोंढ्यात, म्हणजे आमच्या शेतमालाच्या बाजारात, मोठी हळहळ झाली होती. समोरच्या आडत्यानं तर माझ्या घरी निरोपही धाडला, की तुमच्या मालकांना नेलं, वकील बघा. बायको बिचारी डबा घेऊन ठाण्यावर आली, तर मी फौजदारांसमोर खुर्चीवर बसून चहा पीत होतो आणि दोन शिपाई माझा काटा उचलून आत नेत होते. तिनं डबा टेबलावर ठेवला आणि एवढंच विचारलं, "सुटलात का अडकलात, ते तरी सांगा."

"अडकलो," मी म्हणालो. तेव्हापासून अडकलेलोच आहे.

मी मापाडी. हा शब्द शहरातल्या वाचकांना ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. बाजारात शेतकरी माल आणतो, व्यापारी घेतो, आणि दोघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नसतो. त्या दोघांच्या मधे परवाना घेऊन उभा राहतो तो मापाडी. माल माझा नाही, गिऱ्हाईक माझं नाही. माझं फक्त वजन. तेही अलीकडं जरा वाढलंय.

आता पोलिसांना मापाडी कशाला? तर गांजाच्या गुन्ह्यात सगळा खेळ वजनाचा असतो. माल एक किलोच्या आत असला तर शिक्षा हलकी. वीस किलोच्या वर गेला, की दहा वर्षांच्या खाली बातच नाही. मधलं असेल तर न्यायाधीश ठरवतील तसं. त्यामुळं छापा टाकायला निघताना फौजदारसाहेब दोन पंच घेतात, फोटोवाला घेतात आणि शिक्का मारलेला काटा घेऊन मला घेतात. लोकांना वाटतं, पोलीस पकडतात आणि न्यायाधीश शिक्षा देतात. या दोघांच्या मधे एक मापाडी असतो, हे कुणाच्या लक्षात येत नाही. मी मात्र कुणाला विसरू देत नाही. लग्नकार्यात ओळख करून देताना सरळ सांगतो, "मी गांजा तोलतो." जेवणाच्या पंगतीत शेजारची जागा लगेच मोकळी होते आणि ऐसपैस बसता येतं.

माझी ख्याती झाली ती सिल्लोडच्या रस्त्यावर. मक्यानं भरलेला ट्रक पोलिसांनी अडवला होता. खबर पक्की होती, पण वरची दहा-बारा पोती उघडली तर मकाच मका. ड्रायव्हर आरामात टायरला टेकून उभा. "तपासो साब, दाना दाना तपासो," म्हणत होता. फौजदार जगतापांचा चेहरा पडला होता. ते म्हणाले, "मापाडी, आलाच आहात तर चहा प्या आणि चला."

मी म्हणालो, "जरा हात लावू का?"

मी पोती उघडली नाहीत. नुसती एकेका पोत्याचे दोन कान धरून हिसका देत गेलो. मक्याचं पोतं हिसक्याला पाय रोवून बसतं. पंचवीस वर्षं माझ्या पाठीच्या कण्यानं हे शिकून घेतलेलं. खालच्या थरात एक पोतं असं हललं, की जणू माझ्याबरोबर यायलाच बसलं होतं. मी त्याच्यावर थाप मारली आणि म्हणालो, "साहेब, हा मका अंगानं फारच सडपातळ आहे." उघडलं. वर वीतभर मका, खाली दाबून भरलेला गांजा. मग तशी पोती किती निघाली, ते तोलता तोलता जेवणाची वेळ टळली. ड्रायव्हर डोक्याला हात लावून खाली बसला होता. जाताना मला म्हणाला, "चाचा, आप पुलिस में क्यों नहीं गए?" मी म्हणालो, "उंची कमी पडली."

त्या दिवसापासून जगतापसाहेब माझ्याशिवाय छाप्याला जात नव्हते. आणि मीही असा फुगलो होतो, की काट्यावर चढलो असतो तर दहा किलो जास्त भरलो असतो. म्हणूनच पुढची गोष्ट सांगायला हवी.

त्याआधी एक शब्द सांगतो, कारण सगळं रामायण त्याच्यावरून झालं. आमच्याकडं माल मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत. म्हणायचं 'लाभ'. मग दोन, मग तीन. मुसलमान आडत्याकडं असलो तर 'बरकत', मग दोन, मग तीन. एक म्हटलं की एकच राहील, अशी कुणाला तरी भीती वाटली असावी. माझे वडील, अण्णा, तेही मापाडी. त्यांना विचारलं तर म्हणाले, "माझ्या बापानं म्हटलं, म्हणून मी म्हणतो. तू म्हण." मी म्हणतो. घरात पोळ्या वाढताना बायकोलासुद्धा 'लाभ' म्हणून सुरुवात करतो.

तर त्या दिवशी पाचोडचा बाजार होता. आदल्या दोन दिवसांत पाऊस होऊन गेलेला. गावापलीकडं धनगरांची चार घरं आहेत. त्यातल्या सखाराम नावाच्या मेंढपाळानं तुरीच्या ओळींमध्ये गांजाची झाडं लावली आहेत, अशी खबर होती. पोलीस येताहेत हे त्याला बाजारातूनच कळलं. घाबरून त्यानं सगळी झाडं मुळासकट उपटली, चार पोत्यांत कोंबली आणि विहिरीत टाकायला निघाला. विहिरीच्या काठावरच सापडला.

सखाराम पन्नाशीचा, काटकुळा माणूस. फेटा हातात धरून उभा. "सायब, वढायला थोडी लावली व्हती. मेंढरांचं पोट फुगलं तर त्यान्लाबी देतो. इकत नाय म्या, बिरोबाची आण."

जगताप म्हणाले, "चार पोती मेंढरांना? तुझी मेंढरं काय कैलासावर चरतात?"

सगळे हसले. मीही हसलो. सखारामची बायको कौसाबाई दारात उभी होती, ती मात्र आमच्याकडं एकेक करून बघत होती, यातला आपल्या नवऱ्याचं ऐकून घेईल असा कोण, हे शोधत असल्यासारखी.

मी काटा मांडला आणि पहिलं पोतं उघडून पाहिलं. मुळांना काळ्या मातीचे मुठीएवढे गोळे लटकत होते. जाडजूड देठ, ओली पानं, आणि टोकाला थोडे फुलोऱ्याचे शेंडे. आता मोंढ्यात असा माल आला तर मापाडी काय करतो? घट धरतो. कांद्याला माती असेल, कापूस ओला असेल, तर तेवढं वजन कापायचं, त्याला आम्ही घट म्हणतो. पोत्याचं वजन वेगळं कापायचं, तो बारदाना. हे दोन्ही न कापता वजन सांगणारा मापाडी म्हणजे डोळे मिटून दाढी करणारा न्हावी.

मी जगतापांच्या कानाशी लागलो. "साहेब, मुळं झटकू का? आणि शेंडे खुडून घ्यायचे असतील तर बायाबापड्यांना सांगा, तासाभरात होईल."

"मापाडी, मुद्देमाल जसा सापडला तसा तोलायचा. उद्या कोर्टात म्हणतील, पोलिसांनी माल बदलला. तुम्ही बारदाना काढा आणि तोला."

त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पण मी पुढं बोलायला हवं होतं, आणि मी गप्प बसलो. मला ओळखणाऱ्यांना हे खरं वाटणार नाही. पण सिल्लोडच्या ट्रकपासून जगताप मला सगळ्यांसमोर 'आमचे मापाडी' म्हणत, आणि ते ऐकायला मला फार आवडायचं.

मी हात वर केला आणि मोंढ्याच्या सवयीनं आरोळी दिली, "लाभ! सहा किलो दोनशे!"

लिहायला हवालदार पिंगळे बसले होते. पिंगळे पोलीस लाइनीत जन्मले, पोलीस लाइनीत वाढले. धान्य त्यांनी फक्त ताटात पाहिलेलं. मी "दोन! पाच किलो आठशे!", "तीन! सहा किलो शंभर!", "चार! पाच किलो सहाशे!" असं ओरडत गेलो आणि ते मान खाली घालून लिहीत गेले. मी माझी वजनाची पावती वेगळी केली. एकूण तेवीस किलो सातशे. तिच्यावर सही केली. वीसच्या वर. सखारामला जीपमध्ये घातलं. कौसाबाई जीपच्या मागं चार पावलं आली आणि थांबली. मेंढरं वाड्यात ओरडत होती, त्यांना सोडायला तिला मागं फिरावं लागलं.

साक्षीचं समन्स आलं तेव्हा अडीच वर्षं झाली होती. तोपर्यंत सखाराम हर्सूलच्या तुरुंगातच होता, कारण वीस किलोच्या वरच्या गुन्ह्यात जामीन सहसा मिळत नाही. मी ठेवणीतला सदरा घातला, मिशीला पीळ दिला आणि कोर्टात गेलो. व्हरांड्यात एक बाई उठून पुढं आली. मी ओळखलं नाही. कौसाबाईच होती, अर्धी झालेली.

"दादा, तुमीच ना त्ये काटेवाले?"

"हो."

"वकीलसाहेब म्हणत्यात, कागदात पैलं पोतं नाय. त्ये धरलं नाय तर हे सुटत्यात. धरलं तर धा वर्सं." इतकं बोलून ती थांबली. काही मागितलं नाही. मागितलं असतं तर मला सोपं गेलं असतं, कारण नाही म्हणायची मला पंचवीस वर्षांची सवय आहे.

कागदात पहिलं पोतं नाही म्हणजे काय, ते मला पिंजऱ्यात उभं राहिल्यावर कळलं. आरोपीचे वकील कादरीसाहेब. वय झालेलं, काळा कोट उडून करडा पडलेला, पण बोलणं असं की सरकारी वकीलसुद्धा ऐकत बसावेत. त्यांनी पंचनामा माझ्यासमोर धरला.

"मापाडी साहब, जरा वाचा. या तक्त्यात पोती किती?"

"तीन."

"नंबर कोणते कोणते?"

"दोन, तीन आणि चार."

"मग एक नंबर कुठं गेला?"

"तो... समासात आहे."

"समासात काय लिहिलंय? मोठ्यानं वाचा. सगळ्या कोर्टाला ऐकू जाऊ द्या."

"लाभ. सहा किलो दोनशे."

"लाभ!" कादरीसाहेब न्यायाधीशबाईंकडं वळले आणि दोन्ही हात पसरले. "मॅडम, आजवर आम्ही म्हणत होतो की या केसमध्ये पोलिसांचा काहीतरी लाभ आहे. आता पंचनामाच तसं म्हणतोय!"

हशा पिकला. मागं बसलेल्या पिंगळ्यांचे कान लाल झाले. त्यांनी मला नंतर सांगितलं, "मला वाटलं, तुम्ही नारळ फोडल्यासारखं काहीतरी केलंत. पहिलं पोतं देवाचं. म्हणून बाजूला लिहिलं."

तक्त्यातल्या तीन पोत्यांची बेरीज साडेसतरा किलो. माझ्या पावतीवर तेवीस किलो सातशे. मधे वीसची रेघ. सखाराम कुठल्या बाजूला पडणार, ते एका शब्दावर आलं होतं, आणि तो शब्द माझ्या तोंडातून निघालेला होता.

कादरीसाहेब माझ्या जवळ आले आणि अगदी लोणी लावल्यासारख्या आवाजात म्हणाले, "मापाडी साहब, तुमच्या मोंढ्यात पहिलं माप शुभ म्हणून नुसतं ठेवून बघतात. हिशेबात धरत नाहीत. असंच आहे ना?"

नुसतं "हो" म्हणायचं होतं. मोंढ्याबाहेरच्या कुणालाही ते खोटं आहे हे कळलं नसतं. शेवटच्या बाकावर कौसाबाईनं पदराचं टोक दातात धरलं होतं. सखाराम आरोपीच्या जागी उभा राहून माझ्याकडं बघतही नव्हता. त्याला बहुधा माझा चेहराच आठवत नव्हता.

मी म्हणालो, "नाही साहेब. लाभ म्हणजे एक."

कादरीसाहेबांचा चेहरा असा उतरला, की मला त्यांच्यासाठी वाईट वाटलं. सरकारी वकील खुर्चीत सैलावून बसले. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "नीट सांगा. एकला लाभ का म्हणता?"

आता मला कुणी 'नीट सांगा' म्हटलं, तर मी आवरत नाही. मी पिंजऱ्यात सरळ उभा राहिलो, हात वर केला आणि मोंढ्यात देतो तशी आरोळी दिली, "लाभ! दोन! तीन!" शिरस्तेदारांच्या हातातलं पेन पडलं. बाहेरचा शिपाई धावत आत आला.

"आवाज कमी," बाई म्हणाल्या. "हा बाजार नाही." पण त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, ते मी पाहिलं. मग मी लाभ, बरकत, सगळं समजावलं. त्यांनी लिहून घेतलं. पहिलं पोतं हिशेबात आलं. तेवीस किलो सातशे.

आणि त्याच क्षणी माझ्या डोळ्यांसमोर ते मातीचे गोळे आले.

"मॅडम, अजून एक सांगू का? मोंढ्याची रीत विचारलीत म्हणून सांगतो. आम्ही लाभ जसा धरतो, तशी घटही धरतो. ती इथं धरलेली नाही."

सरकारी वकील ताडकन उठले. बाईंनी हातानं त्यांना थांबवलं. "घट म्हणजे?"

मी सांगितलं. कांद्याची माती, कापसाचं पाणी, सगळं. कादरीसाहेब एव्हाना पुन्हा ताठ झाले होते. म्हातारा वाघ होता तो.

"मापाडी साहब, त्या पोत्यांत काय काय होतं?"

"झाडं. मुळासकट. मुळांना माती होती. देठ होते, ओली पानं होती, शेंडे होते."

"यातला गांजा किती?"

"सांगता येणार नाही. मला कुणी विचारलंच नाही. मी झाडं तोलली."

सरकारी वकील संतापून म्हणाले, "अहो, मग पावतीवर सही कशाला केलीत? तेवीस किलो सातशे गांजा, असं लिहिलंय खाली!"

"वजन बरोबर आहे साहेब, म्हणून सही केली," मी म्हणालो. "वजन आजही बरोबर आहे. मालाचं नाव चुकलंय."

बाई बराच वेळ लिहीत होत्या. कादरीसाहेबांनी मग कायद्याचं पुस्तक उघडून वाचून दाखवलं, की कायदा ज्याला गांजा म्हणतो ते म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. त्यात मुळं नाहीत आणि पाचोडची काळी माती तर नाहीच नाही.

निकाल लागला. गांजा बाळगल्याचा दोष सखारामवर आलाच, पण माल वीस किलोच्या वर होता हे सिद्ध झालं नाही. जितके दिवस आत काढले तितकीच शिक्षा धरून त्याला सोडलं. कादरीसाहेबांनी व्हरांड्यात सगळ्यांसमोर मला मिठी मारली. आयुष्यात मी पुष्कळ माल तोलला, पण त्या दिवसाइतका अभिमान मला कधी वाटला नाही. खोटं बोललो नाही, आणि माणूसही घरी चालला होता. आजही ही गोष्ट सांगताना मी जरा उंच होतो.

पण त्याच व्हरांड्यात कौसाबाई आली. मला वाटलं, पाया पडेल. मी तिला अडवायला हातसुद्धा पुढं केला. ती पडली नाही. म्हणाली, "दादा, हे तवाच का नाय बोललात?"

मेंढरं केव्हाच गेली होती. नवरा आत, कोर्टाच्या खेपा, राखायला कुणी नाही. एकेक करून विकली. ती आता दुसऱ्यांच्या शेतात कामाला जात होती. पुढं केलेला हात मी मागं घेतला.

त्याच आठवड्यात जगताप आमच्या घरी आले. तोंड फुगवून. "मापाडी, तुम्ही आमच्या बाजूचे साक्षीदार होतात."

"म्हणून तर सगळं खरं सांगितलं," मी म्हणालो.

आतून अण्णा काठी टेकत आले आणि खाटेवर बसले. तेव्हा ऐंशीच्या पुढं होते, पण वाद ऐकू आला की त्यांचे कान टवकारायचे. औरंगाबादेत पोलीस अ‍ॅक्शननंतरही, म्हणजे निजाम गेल्यावरही, काही वर्षं सरकारी परवान्याचा गांजाचा ठेका होता. तरुण अण्णा तिथला काटा तपासायला जात.

"फौजदारसाहेब, आमच्या येळी गांजाचा गुन्हा एकच व्हता," अण्णा म्हणाले. "कमी तोलणं. एक बैरागी ठेक्यावरनं पुडी घेऊन माझ्याकडं आला, 'बेटा, तौल के देख.' तोलली. कमी भरली. ठेकेदाराला मी भर रस्त्यात भरपाई द्यायला लावली. ना मारामारी, ना ट्रक, ना खबरी. तुमी बंद केलं आन् चोर तयार केले. परवाना द्या, दुकान उघडा, मापाडी नेमा. गुन्हे निम्मे कमी व्हत्यात का नाय बघा."

"आणि वाळूजला?" जगताप उसळले. "दोन दोन शिफ्टा करणारी माणसं आहेत तिथं. कंपनीच्या गेटसमोर तुमचं दुकान उघडलं, तर मशीनवर हात कापून घ्यायला किती वेळ लागेल? गुन्हा थांबवायचा तर जरब पाहिजे."

"जरब हाये की. पण ट्रकवाल्याला किती आन् मेंढपाळाला किती, ते सांगा."

जगताप चहाच्या कपात बघू लागले. मला वाटलं, अण्णा जिंकले. पण अण्णांना खोटं जिंकता येत नसे. ते स्वतःच म्हणाले, "एक मात्र हाये. ठेक्याच्या पायरीवर एक इणकर बसून असायचा. त्याची बायको रोज मला म्हणायची, 'भाईसाब, इनको कम तौल के दो ना.' म्या म्हणायचो, बाई, कमी देऊ नये म्हणून तर मला नेमलाय. लई वाईट वाटायचं. तिचं म्हणणं चूक नव्हतं."

हा वाद आमच्या घरी पुढं बरीच वर्षं चालला. जगताप चहाला यायचे तेच भांडायला. अण्णा गेले तेव्हा खांदा द्यायला जगताप होते.

माझं मत विचाराल तर मी अण्णांच्या बाजूला झुकतो, पण पुरता नाही. कायदा कडक झाल्यानं गांजा कमी झाला का, ते मला माहीत नाही. माझी बोलावणी कमी झाली नाहीत एवढं खरं. गांजा दाबला तर वाळूजकडं नशेच्या गोळ्या निघाल्या. त्यांना ना वास, ना वजन, आणि त्या खाऊन माणूस चाकू काढतो. गांजा ओढलेला माणूस मी तरी फक्त भजी काढताना पाहिलाय. दुसरीकडं, सिल्लोडचा ट्रक ज्यांचा होता, ती माणसं परवाना मिळाला म्हणून सरळ होतील, असंही मला वाटत नाही. त्यांना जरबच हवी. म्हणून मी म्हणतो, ओढणाऱ्याला आणि चार झाडं लावणाऱ्याला मोकळं सोडा, वाटलं तर अण्णांचा ठेकाही उघडून बघा, पण ट्रकवाल्याला सोडू नका. आणि हे दोघे वेगळे आहेत, हे आजच्या कायद्यात फक्त एका ठिकाणी ठरतं. काट्यावर. तिथं मातीसकट तोललं, तर मेंढपाळ आणि ट्रकवाला एकाच भावानं जातात.

सखारामच्या निकालानंतर मला वर्षभर बोलावणं आलं नाही. पोलिसांनी दुसरा मापाडी धरला होता. मग एके दिवशी जीप आली. जगतापच. "चला. दुसऱ्याचा काटा कोर्टात टिकत नाही."

पैठणच्या अंगाला एका कपाशीच्या शेतात छापा होता. नऊ पोती भरतील इतकी झाडं उपटून बांधावर टाकलेली. पानांवर माती, मुळांवर माती. एक म्हातारा शेतकरी खाली मान घालून बसलेला, आणि या वेळी मोठे साहेबही आले होते, टोपी घातलेले, घाईत असलेले.

"हं, मापाडी, आटपा," साहेब म्हणाले.

मी काट्याला हात लावला नाही. "साहेब, आधी मुळं झटकावी लागतील. मग शेंडे खुडून वेगळे करावे लागतील. सगळं पंचांसमोर, फोटो काढून. झाडं आणि शेंडे, दोन्हींची वेगवेगळी वजनं देतो."

"तुम्ही कायदा शिकवणार का आम्हाला?"

"नाही साहेब. मी फक्त तोलणार नाही." आणि मी काटा उचलून रस्त्याच्या दिशेनं चालू लागलो. खरं सांगतो, काटा जड आहे आणि जीप त्यांची होती, घरापर्यंत चालत गेलो असतो तर मेलो असतो. वीस पावलं गेलो असेन, तोच मागून जगतापांचा आवाज आला.

"ओ मापाडी! या इकडं. पिंगळे, बसा खाली. खुडा."

पिंगळे बसले. शिपाई बसले. जगताप बसले. फोटोवाल्यानं आधी त्यांचाच फोटो काढला. मग टोपीवाल्या साहेबांनी इकडं तिकडं पाहिलं, टोपी बांधावर ठेवली आणि तेही बसले. भर दुपारी कपाशीच्या शेतात अख्खा पोलीस फौजफाटा वेचणीला आलेल्या बायांसारखा ओळीनं बसून शेंडे खुडत होता, आणि मी लिंबाखाली काट्यावर हात ठेवून उभा होतो. मदत केली नाही. मापाड्यानं माल निवडायचा नसतो, फक्त तोलायचा. तो म्हातारा शेतकरी पहिल्यांदा मान वर करून बघू लागला.

दोन तास लागले. नऊ पोत्यांचे शेंडे एका गाठोड्यात मावले. टोपीवाले साहेब कमरेवर हात देऊन उठले, घाम पुसला आणि म्हणाले, "आता तरी तोलता का, मालक?"

"आता तोलतो," मी म्हणालो.